सिंकथिंग: मध्ये कुणी नसलेलं सिंक, आणि त्यासोबत येणारी जबाबदारी

फोनमधले फोटो लॅपटॉपवर, लॅपटॉपवरची कागदपत्रं दुसऱ्या संगणकावर, आणि हे सगळं कुठल्याही कंपनीच्या क्लाउडमध्ये न ठेवता. सिंकथिंग हे सॉफ्टवेअर एवढं एकच काम, म्हणजे सिंक (सगळ्या यंत्रांवरच्या फाइल्स सारख्या ठेवणं), करतं आणि चोख करतं. खातं उघडायचं नाही, ईमेल द्यायचा नाही, मासिक शुल्क नाही. जागेची मर्यादा म्हणजे तुमची डिस्क. २०१३ पासून चालू असलेला हा प्रकल्प गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आहे आणि एमपीएल २.० या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली पूर्ण खुला आहे.

जोडणीची पद्धत साधी आहे आणि विचारपूर्वक केलेली आहे. पहिल्यांदा सुरू होताना प्रत्येक यंत्र स्वतःचं प्रमाणपत्र (डिजिटल ओळखपत्र) तयार करतं आणि त्या प्रमाणपत्राच्या एसएचए-२५६ हॅशवरून (गणिताने काढलेल्या ठशावरून) डिव्हाइस आयडी बनतो: सात-सात अक्षरांचे आठ गट. हा आयडी पासवर्डसारखा लपवायची गरज नाही. दोन्ही यंत्रांनी एकमेकांना मान्यता दिल्याशिवाय एक फाइलही हलत नाही. फोन जोडताना क्यूआर कोड दाखवला की टाइप करायचा त्रास वाचतो.

गोपनीयतेच्या दृष्टीने बाहेर नेमकं काय जातं? ग्लोबल डिस्कव्हरी (इंटरनेटवर यंत्रांनी एकमेकांना शोधण्याची सोय) चालू असेल तर तुमचा डिव्हाइस आयडी आणि आयपी पत्ता डिस्कव्हरी सर्व्हरला कळतो. थेट जोडणी जमली नाही तर डेटा रिले सर्व्हरमार्गे (मधल्या निरोप्या संगणकामार्गे) जातो. तो टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असल्यामुळे रिलेला वाचता येत नाही, पण वेग मात्र पार बसतो. यंत्राच्या माहितीत कनेक्शनपुढे ‘रिले’ दिसलं, तर राउटरवर २२००० हा पोर्ट (जोडणीचं क्रमांकित दार) टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही पद्धतींसाठी उघडा. ज्यांना आयपीही कुणाला कळू द्यायचा नाही, त्यांनी ग्लोबल डिस्कव्हरी आणि रिले दोन्ही बंद करावं, वायरगार्ड हे व्हीपीएन लावावं आणि समोरच्या यंत्राचा पत्ता हाताने भरावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सिंकथिंग बॅकअप नाही. लॅपटॉपवर फोल्डर डिलीट केलं की थोड्याच वेळात ते फोनवरूनही जातं, कारण त्याचं कामच ते आहे. यावर उपाय म्हणून फाइल व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपून ठेवण्याची सोय) दिलेलं आहे, पण ते मुळात बंद असतं आणि त्यातली एक खोच अनेकांना उशिरा कळते: व्हर्जनिंग फक्त दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांना लागू होतं. लॅपटॉपवर तुम्हीच फाइल पुसली, तर लॅपटॉपवरचं व्हर्जनिंग काही वाचवत नाही. म्हणून ते सतत चालू राहणाऱ्या यंत्रावर लावा आणि ‘स्टॅगर्ड’ प्रकार निवडा. तो पहिल्या तासात दर ३० सेकंदांची, पहिल्या दिवसात दर तासाची, पहिल्या ३० दिवसांत दर दिवसाची आणि पुढे दर आठवड्याची एक प्रत ठेवतो. असं सतत चालू राहणारं एक छोटं यंत्र तसंही लागतंच. फोन आणि लॅपटॉप एकाच वेळी चालू नसतील, तर त्यांच्यात सिंक होणार कसं?

दुसरा धोका बाहेरच्या डिस्कचा. प्रत्येक सिंक फोल्डरमध्ये ‘एसटीफोल्डर’ नावाची छुपी खूण असते. डिस्क माउंट झाली नाही (संगणकाला जोडली गेली नाही) तर ती खूण सापडत नाही, सिंक थांबतं आणि ‘फोल्डर मार्कर मिसिंग’ असा संदेश येतो. घाईने ती खूण हाताने बनवू नका. रिकाम्या माउंट पॉइंटवर (डिस्क एरवी जिथे दिसते त्या फोल्डरमध्ये) ती बनवलीत, तर सिंकथिंगच्या लेखी सगळ्या फाइल्स डिलीट झाल्या, आणि ही बातमी ते इतर यंत्रांनाही प्रामाणिकपणे कळवतं. आधी डिस्क तपासा.

एकच फाइल दोन ठिकाणी बदलली की जुन्या वेळेच्या प्रतीचं नाव बदलतं. त्यात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’, तारीख, वेळ आणि बदल करणाऱ्या यंत्राच्या आयडीची सुरुवातीची अक्षरं जोडली जातात. काहीच हरवत नाही, पण तुमचं लक्ष हवं. कीपासएक्ससी या पासवर्ड जपणाऱ्या अ‍ॅपची फाइल सिंक करणाऱ्यांना हे नक्की भेटतं: फोनवर एक नोंद टाकली, लॅपटॉपवर दुसरी, आणि शेजारी कॉन्फ्लिक्ट फाइल उभी. ती पुसू नका. कीपासएक्ससीच्या डेटाबेस मेनूमधून दोन्ही फाइल्स मर्ज (एकत्र) करा, दोन्ही नोंदी आल्याची खात्री करा, मगच ती काढा. गिटचे (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचे) रेपो, म्हणजे त्याची प्रकल्प फोल्डरं, मात्र सिंकथिंगमध्ये अजिबात ठेवू नयेत. दोन्हीकडून बदल झाले तर गिटच्या आतल्या फाइल्सची सरमिसळ होते, आणि ती निस्तरणं वैतागाचं काम आहे.

फोनची बाजू सगळ्यात कमकुवत आहे. अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅपचं काम डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, त्यामुळे आता सिंकथिंग-फोर्क हे इतरांनी सांभाळलेलं अ‍ॅप वापरावं लागतं. बसवल्यावर लगेच बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून ते वगळा, नाहीतर सिस्टीम ते गुपचूप बंद करते. आयफोनवर मोबियस सिंक हे अ‍ॅप आहे, पण आयओएस पार्श्वभूमीत फार वेळ चालू देत नाही, तेव्हा अधूनमधून अ‍ॅप उघडावंच लागतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या सिंकथिंगच्या २.० आवृत्तीत फाइल्सची नोंद ठेवणारा डेटाबेस एसक्यूलाइट या प्रकारावर गेला. लाखो फाइल्स असतील तर अपडेटनंतरची पहिली सुरुवात बराच वेळ घेते. अडकलंय असं वाटून मधेच बंद करू नका.

आणि एक सोय जिचं कौतुक पुरेसं होत नाही: ‘रिसीव्ह एन्क्रिप्टेड’ फोल्डर. भाड्याचा सर्व्हर किंवा मित्राचा संगणक वापरायचा असेल, तर आपल्या यंत्रावर त्या जोडणीसाठी पासवर्ड द्या. समोर फाइलची नावं आणि मजकूर दोन्ही कूटबद्ध होऊन जातात. फाइल्सचा अंदाजे आकार आणि बदल कधी होतात एवढं समोरच्याला दिसतं. तो पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. तो हरवला आणि आपली यंत्रंही गेली, तर समोरची प्रत कुणालाच उघडता येणार नाही.

वेब पॅनेल ८३८४ पोर्टवर चालतं आणि मुळात त्याच यंत्रापुरतं खुलं असतं, पासवर्डशिवाय. सर्व्हरवर बसवताना ते सगळ्या जगाला उघडू नका. एसएसएच टनेलमधून (कूटबद्ध दूरजोडणीतून) पोहोचा, आणि तरीही पासवर्ड लावा.