पाइनचे तयार बाण, काही महिन्यांच्या वापरानंतर: लाकूड अस्सल, नॉक मात्र बेफिकिरीने बसवलेले

११/३२ इंच जाडीचे पाइनचे शाफ्ट (बाणाची काठी), ४५-५० स्पाइन (काठीचा ताठपणा, पौंडांत), तीन पिसं, चिकटवायचे प्लास्टिकचे नॉक (दोरी अडकवायची खाच असलेली मागची टोपी). डझनभर घेतले. उजव्या हाताने, ४५ पौंडांच्या रिकर्व्हवर (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) वापरतो. आज लिहायचं कारण म्हणजे काही नॉक चुकीच्या दिशेने बसवलेत या तक्रारीवर विक्रेत्याचं उत्तर: "नॉक प्लास्टिकचा आहे, कसाही बसवला तरी चालतो." आणि वर पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन. हे चालत नाही, आणि का चालत नाही ते घेणाऱ्याला कळायला हवं.

बाणाचं मागचं टोक पाहिलं की लाकडाच्या वाढीच्या वलयांच्या समांतर रेघा दिसतात. दोरीची खाच या रेघांना काटकोनात हवी. नागपुरात लकडगंजच्या आरा मशीनवरचा कुठलाही कारागीर फळीचं टोक बघून ती कुठल्या बाजूने जास्त लवेल हे सांगतो, इथेही तेच बघायचं आहे. बोटांनी दोरी सोडल्यावर बाण धनुष्याच्या बाजूला आडवा लवतो. खाच बरोबर असेल तर वलयांचे थर आडवे राहतात, धनुष्याला थरांच्या कडा लागतात आणि बाण आपल्या ताठ बाजूने लवतो. स्पाइनही त्याच बाजूने मोजतात: २६ इंचांवर दोन टेकू, मधोमध २ पौंड वजन, आणि २६ ला झुकावाच्या इंचांनी भागायचं. ०.५२ इंच झुकला तर ५० पौंड. तोच बाण पाव फेरा फिरवून मोजला की बहुतेक वेळा आकडा खाली येतो. म्हणजे डब्यावर छापलेला स्पाइन नॉकच्या दिशेवर अवलंबून आहे.

या डझनातले सात बाण एका जागी लागत आणि पाच कायम उजवीकडे. उजव्या हाताने मारणाऱ्याचा बाण उजवीकडे जाणं म्हणजे तो मऊ पडतोय. आधी वाटलं की लाकूडच भेसळीचं आहे, दोन तारे देऊन विषय संपवावा. पण त्या पाचांची खाच वलयांना समांतर निघाली, आणि ताठ बाजूने मोजल्यावर त्यांचा स्पाइन बाकीच्यांइतकाच भरला. लाकडाबद्दलचं मत तिथे बदललं. शाफ्ट खरोखर चांगले निवडलेले आहेत. मे महिन्यात तापलेल्या खोलीत आणि नंतर पावसाळ्यात फार थोडे वाकले, तेही हाताने दाबून सरळ झाले. फक्त ते कूलरच्या झोतात ठेवू नका, ती ओली हवा लाकूड पितं.

दुसरी गोष्ट सुरक्षेची आहे आणि विक्रेत्याला ती माहीतच नसावी. लाकडाच्या थरांची रेषा शाफ्टच्या लांबीत पूर्ण सरळ नसेल तर थरांची सपाट बाजू दिसते अशा शाफ्टच्या दोन बाजूंवर टोकदार, 'व्ही'सारख्या रेघा उमटतात. एका बाजूला त्यांची टोकं पुढे असतात, समोरच्या बाजूला मागे. बाण दोरीला लावल्यावर वरच्या बाजूची टोकं निशाण्याकडे हवीत. मग सुटताना बाण तुटलाच तर मागचा तुकडा त्या उतारावरून वर चढतो. उलट बसवला तर तोच तुकडा खाली, धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. डावखुऱ्यांनी इथे जास्त सावध राहावं. वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला ठेवायचं तर त्यांना बाण अर्धा फेरा फिरवावा लागतो, म्हणजे उजव्या हातासाठी बरोबर केलेला बाण त्यांच्यासाठी नेमका उलटा होतो. ऑर्डर घेताना हात कुठला हे विचारणं म्हणूनच भाग आहे. इथे विचारलं नव्हतं.

दुरुस्ती स्वस्त आहे, पण पिसं आडवी येतात. नॉक पाव फेरा फिरवला की पिसांची जागा चुकते आणि एक पीस धनुष्यावर घासतं, म्हणून पिसंही काढून नव्याने लावावी लागतात. चार पिसं सारख्या ९० अंशांवर असती तर नुसता नॉक बदलून भागलं असतं.

जुना नॉक ब्लेडने दोन्ही बाजूंनी उभा चिरून सोलावा. आच दिली तर प्लास्टिक वितळून लाकडात बसतं. नॉकखालचा शाफ्टचा ११ अंशांचा निमुळता भाग बारीक पॉलिश पेपरने साफ करावा, लाकूड मात्र खाऊ नये. टोकावर थिनरचा बोळा फिरवला की वलयं उठून दिसतात. त्यांना काटकोनात पेन्सिलची रेघ मारून ती शाफ्टवर इंचभर खाली आणावी, कारण टोक नॉकखाली झाकलं जातं. वरची बाजू कुठली ते 'व्ही' बघून याच वेळी ठरवावं. एक थेंब सिमेंट (नॉक आणि पिसं चिकटवायचा गोंद) लावून नॉक एक फेरा फिरवत दाबावा, खाच रेघेवर आणावी, मग शाफ्ट डोळ्याशी धरून नॉक सरळ आहे का ते पाहावं. नागपूरच्या उन्हाळ्यात हे काम सकाळीच करा. दुपारी सिमेंटवर लगेच साय धरते आणि नॉक फिरवायला वेळ मिळत नाही. फेविक्विक नको, ते क्षणात धरतं आणि पुढे नॉक काढताना लाकूड सोबत येतं. रात्रभर वाळू द्यावं. सकाळी बाण गुळगुळीत फरशीवर लोटून बघावा, नॉक डगमगला तर परत काढावा.

दुरुस्तीनंतर ते पाचही बाण सातांच्या जागेवर लागतात. लाकडाला पाच तारे, जोडणीला एक. नॉकचं पाकीट शाफ्टच्या मानाने किरकोळ पैशांत येतं, त्यामुळे यापुढे याच दुकानातून फक्त कोरे शाफ्ट घेईन, नॉक आणि पिसं वेगळी. कूपन तेवढ्यासाठी कामी येईल.