धुक्यातलं माकड: प्रत बरी, फ्रेम सरस

मोरी सोसेन (१७४७–१८२१) म्हणजे माकडांचा जपानी चित्रकार. या छापील प्रतीत केस झकास उठलेत, कानामागचा एकेक फटकारा सुटा दिसतो. धुकं मात्र फसलंय. असं धुकं बहुधा रंगवत नाहीत. कोरं रेशीम सोडून कडेनं पातळ शाई विरवतात. या प्रतीत त्या कोऱ्या जागी करडे ठिपके आलेत.

खडेबाजारातल्या फ्रेमवाल्याचं काम चोख, दर जरा चढेच. काच चित्राला टेकू नये म्हणून मधे दोन मिलिमीटरचं माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालतात. बेळगावच्या पावसाळ्यात ते हवंच, नाहीतर ओलीनं कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना शाई निघते. सेलोटेप लावू देऊ नका, पिवळे डाग पडतात. वरच्या कडेला खळीनं चिकटवलेल्या दोन कागदी पट्ट्या पुरतात. भिंत पावसाच्या अंगाची असेल तर फ्रेममागे बुचाचे तुकडे लावून घ्या.