डीएस१८बी२० प्रोब: फर्मेंटरसाठी उत्तम, उकळीसाठी नव्हे

ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही. त्यामुळे इथल्या हौशी मंडळींच्या गॅरेजमध्ये जुना फ्रिज, त्यात ठेवलेला फर्मेंटर (बिअर आंबवण्याचे भांडे) आणि दाराच्या फटीतून आत गेलेली काळी वायर ही मांडणी सर्रास आढळते. त्या वायरीच्या टोकाला, स्टेनलेस स्टीलच्या छोट्या नळीत, बहुधा डीएस१८बी२० ही तापमान मोजणारी चिप असते. वायर, नळी आणि चिप मिळून जे होते तोच प्रोब.

मूळची डॅलस सेमीकंडक्टरची ही चिप तापमान थेट डिजिटल आकड्यांत पाठवते. उणे १० ते ८५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात तिची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश आहे. पडद्यावर ०.०६२५ अंशाचा फरकही दिसतो, पण ती नुसती बारकाई आहे, तिला अचूकता समजू नये. प्रत्येक चिपला स्वतःचा ६४ बिटांचा क्रमांक असतो, म्हणून द्रवाचा आणि फ्रिजमधल्या हवेचा असे दोन्ही प्रोब एकाच वायरीवर, ४.७ किलोओहमच्या एका रेझिस्टरसह, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडता येतात.

हे दोन प्रोब वेगवेगळे असणे महत्त्वाचे आहे. विरजण लावताना दूध कोमट आहे का हे बोटाने पाहून भागते. यीस्टचे तसे नाही. आंबण्याच्या क्रियेतून उष्णता बाहेर पडते आणि जोर चढला की फर्मेंटरमधला द्रव भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश गरम होतो, त्यामुळे हवेचा आकडा १९ दाखवत असताना आतले एल यीस्ट (एल प्रकारची बिअर आंबवणारे) आपली सोयीची १८ ते २२ अंशांची मर्यादा ओलांडून बिअरला उग्र, जळजळीत चव देऊ लागलेले असू शकते.

मात्र प्रोब उघडाच द्रवात सोडणे मला पटत नाही. नळी आणि प्लास्टिकची वायर जिथे जुळते, त्या फटीत जंतू राहू शकतात आणि ती जागा उकळून निर्जंतुक करता येत नाही. झाकणातून आत जाणारी, तळ बंद असलेली स्टीलची नळी, म्हणजे थर्मोवेल, घ्यावी आणि तिच्यात थोडे पाणी घालून प्रोब सोडावा. हवेची पोकळी राहिली की वाचन मागे पडते. भोक पाडायचे नसेल तर प्रोब फर्मेंटरच्या बाहेरून, द्रवाच्या पातळीखाली, चिकटपट्टीने लावून वर जाड फोम बांधल्यासही काम भागते.

मॅशसाठी (माल्ट गरम पाण्यात भिजवण्यासाठी) आणि त्यातून निघालेल्या द्रवाच्या उकळीसाठी मी याची शिफारस करणार नाही. चिप स्वतः १२५ अंशांपर्यंत टिकते, पण स्वस्त प्रोबची पीव्हीसी वायर आणि आतला चिकट भराव यांचा तेवढा भरवसा नसतो. वाफ आत शिरली की आकडे भरकटतात. तिथे सिलिकॉन वायरीचा, बंदिस्त पीटी१०० (प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान मोजणारा) प्रोब महाग पडला तरी योग्य.

बाजारात नकली चिपा बऱ्याच आहेत, म्हणून नवा प्रोब आला की तो आधी वितळत्या बर्फाच्या पाण्यात, ढवळत, तपासावा. शून्यापासून अर्ध्या अंशाहून जास्त ढळला तर परत करावा. शिवाय वीज मिळताच, पहिले मोजमाप होण्याआधी, ही चिप ८५ अंश असा आकडा देते. हा तिचा ठरलेला स्वभाव आहे, बिघाड नव्हे. तेव्हा फ्रिज चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हा आकडा वगळण्याची एक ओळ आवर्जून लिहावी.