केसाडियात राजमा घालायचा की आपला जवारी (गावठी) मसूर?

आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत आता टॉर्टियाची (मेक्सिकन चपातीच म्हणा) पाकिटं, मोझरेला चीज सगळं मिळतंय, त्यामुळं मैत्रिणी सारख्या विचारतात की केसाडियात, म्हणजे टॉर्टियात चीज आणि सारण भरून, दुमडून तव्यावर भाजतात त्यात, आत भरायचं काय. मी दोन्ही करून बघितलंय आणि एकदा नाही, बऱ्याचदा, म्हणून सविस्तर लिहितेय.

चवीला राजमा पुढं, हे आधीच मान्य करते. केसाडिया मेक्सिकोचा आणि राजमा पण मूळ अमेरिका खंडातलाच, त्यामुळं त्यांचं जमतंच. शिजवून चमच्यानं अर्धवट चेचला की लोण्यासारखा होतो, सारण एकजीव राहतं, कापताना बाहेर सांडत नाही. पण वेळ! रात्री भिजत घाला, सकाळी ते पाणी टाका, नवीन पाण्यात सहा-सात शिट्ट्या, आणि इथं घाई अजिबात करू नका, कारण अर्धाकच्चा राजमा खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात, त्यातला दोष चांगलं खळखळून उकळल्याशिवाय जात नाही. मागं एकदा पाहुणे यायचे होते आणि मी आणलेला राजमा जुना निघाला, त्यात आमचं बोअरचं जड पाणी, दहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा बोटात दाबला की आत कट्ट लागायचा. शेवटी त्या दिवशी चपाती-बटाटा भाजी वाढली, लई वाईट वाटलं. टोमॅटो पण आधी घालू नका, आंबटपणानं दाणा मऊ व्हायला वेळ लागतो.

मसूर मात्र भिजवायलाच नको. येळ्ळूर-वडगावकडं भात काढल्यावर शेतात घेतात तो बारीक जवारी मसूर, एक वाटीला पावणेदोन वाटी पाणी, दोन शिट्ट्या, झालं. तोवर कांदा-लसूण परतून जिरेपूड, ब्याडगी मिरचीची पूड (रंग मस्त येतो आणि पोरांना तिखट लागत नाही) आणि टोमॅटो घालून ठेवायचा, मग मसूर त्यात टाकून पाणी पूर्ण आटवायचं. हे आटवणं महत्त्वाचं आहे बघा, कढईत उलथनं फिरवल्यावर मागं वाट उमटून तशीच राहिली पाहिजे, नाहीतर चपाती भिजून तव्यावरच फाटते. मसुराचा तोटा एवढाच की तो राजम्यासारखा चिकटून येत नाही, थोडा सुटा राहतो, म्हणून चीज खाली पण आणि वर पण घालायचं, मधे सारण. चीज वितळलं की तेच सगळं धरून ठेवतं.

चीज मोझरेला घेतलं तर तार सुटते. क्यूबवालं प्रोसेस्ड चीज वितळतं पण ताणत नाही, आणि खारट असतंय, तेव्हा सारणात मीठ कमी.

आता टॉर्टिया की चपाती? पाकिटातली टॉर्टिया मऊ, दुमडली तरी चिरत नाही, पण मैद्याची आणि महाग. मी घरची चपातीच वापरते, फक्त घडीची नको, तिचे पदर सुटतात. साधी पातळ लाटून दोन्ही बाजूंनी अर्धवट भाजून ठेवायची. सकाळची उरलेली पण चालते, आधी तव्यावर जरा गरम करून मऊ केली की झालं. ज्वारीची भाकरी मी करून बघितली, दुमडतानाच मोडली, त्या वाटेला जाऊ नका. तवा मंद-मध्यम आचेवर, अर्ध्या भागात सारण, दुमडून एकेक बाजू दोन मिनिटं, आणि उतरवल्यावर मिनिटभर थांबून मगच कापायचं, नाहीतर चीज सगळं पाटावर.

तर संध्याकाळी सातला ट्यूशनहून पोरं येऊन 'आई भूक लागली' म्हणतात त्या घरात मसूरच, मी तर तेच करते. रविवारी घरी असाल, पाहुणे असतील, तर राजमा करा, आणि तेव्हाच जास्त उकडून वाटीवाटीचे डबे फ्रीजरला टाका, मग बुधवारी पण राजमा वीस मिनिटात होतो. शाळेच्या डब्याला मात्र मसूरवालाच द्या, तो कोरडा असल्यामुळं दुपारपर्यंत चपाती ओली होत नाही.