चर्चमधलं फेअर ट्रेडचं टेबल: काय घ्यावं, काय सोडावं

उपासनेनंतर सभागृहात मांडलेल्या फेअर ट्रेडच्या, म्हणजे उत्पादकांना रास्त भाव देणाऱ्या व्यापारातल्या मालाच्या, टेबलावरून पहिल्यांदाच काही घेणार असाल, तर कॉफी घ्या. मी घेते ती अरेबिका जातीची दळलेली कॉफी, मध्यम भाजलेली. दूध घातलं तरी तिची चव मरत नाही. कोरी प्यायली तर शेवटी किंचित आंबटपणा जिभेवर राहतो, तो मला फार आवडतो.

पाकिटावर निळा-हिरवा-काळा फेअरट्रेडचा शिक्का बघून घ्या. त्याच्या नियमांप्रमाणे २०२३ पासून धुतलेल्या (बियांवरचा गर पाण्याने काढलेल्या) अरेबिकाला वजनाच्या एका पौंडामागे, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममागे, किमान १.८० डॉलर भाव ठरला आहे. बाजार कोसळला तरी त्याहून कमी देता येत नाही, आणि बाजारभाव वर गेला तर तो वरचा भाव द्यावा लागतो. शिवाय पौंडामागे २० सेंटचा प्रीमियम, म्हणजे भावावरची जादा रक्कम, उत्पादकांच्या संस्थेला मिळतो. तो कशावर खर्च करायचा, हे सभासद ठरवतात. मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते ती उचल. संस्थेने मागितली तर कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ मिळू शकते. पीक हाती येण्याआधी घरात पैसा नसतो आणि शेतकरी सावकाराच्या हाती सापडतो तो तेव्हाच.

चॉकलेटमध्ये डिव्हाइन. घानातल्या कोको उत्पादकांची कुआपा कोकू ही सहकारी संस्था १९९३ मध्ये उभी राहिली, आणि १९९८ मध्ये ही कंपनी निघाली तेव्हापासून शेतकरी तिचे भागधारक आहेत. कोको विकून मोकळं होण्याऐवजी चॉकलेटच्या नफ्यातही वाटा, ही कल्पना मला मनापासून पटते. डार्क चॉकलेट उत्तम. दुधाचं मला जरा जास्तच गोड वाटलं.

हस्तकलेच्या वस्तूंबद्दल मात्र स्पष्ट सांगते: गरज नसेल तर घेऊ नका. पिशव्या, गळपट्टे, गळ्यातल्या माळा अनेकजण दयेपोटी घेतात आणि कपाटात टाकतात. एडना रूथ बायलर या मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) बाईंनी १९४६ मध्ये प्वेर्तो रिकोतल्या बायकांचं भरतकाम ओळखीपाळखीत विकायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे टेन थाउजंड व्हिलेजेस ही फेअर ट्रेड हस्तकला विकणारी संस्था उभी राहिली. एवढं मोठं काम नुसत्या दयेवर उभं राहत नाही, गिऱ्हाईक परत यावं लागतं. हस्तकलेवर बहुधा तो शिक्का नसतो. तेव्हा माल आणणारी संस्था डब्ल्यूएफटीओची (जागतिक फेअर ट्रेड संघटनेची) सभासद आहे का, हे टेबलावर जरूर विचारा. आमच्याकडच्या स्वयंसेवक बाई कारागिरांबद्दल इतक्या आपुलकीने बोलतात की विचारणाऱ्याला संकोच वाटत नाही.

तक्रार एकच, पण ती मनाला लागलेली आहे. टेबलापासून चार पावलांवर मंडळीला जी कॉफी देतात, ती कुठली तरी स्वस्तातली झटपट कॉफी. ब्रिटनमध्ये फेअरट्रेड चर्च म्हणवून घ्यायचं तर चर्चच्या चहापाण्यात फेअरट्रेडचाच चहा आणि कॉफी लागते, आणि ते योग्यच आहे. मेक्सिकोतल्या कॉफी उत्पादकांसोबत राबणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर हॉफ आणि त्यांचे सहकारी निको रोझेन यांच्या खटपटीतून १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मॅक्स हावेलार हा पहिला शिक्का आला. एका धर्मगुरूने ज्यासाठी हाडाची काडं केली, ते चर्चच्याच किटलीत नसावं?

आणि हे वर्षभर चाललं पाहिजे. चर्चमधल्या टेबलांना वर्षानुवर्षं माल पुरवणारी ब्रिटनची ट्रेडक्राफ्ट १९७९ मध्ये सुरू झाली, तिचा व्यापार २०२३ मध्ये बंद पडला. वाईट वाटलं. तेव्हापासून मी महिन्याच्या कॉफीची मागणी टेबलावर आधीच नोंदवून ठेवते, म्हणजे किती पाकिटं मागवायची याचा स्वयंसेवकांना अंदाज येतो आणि माल पडून राहत नाही. तुम्हीही नोंदवा, आणि घेताना भाजल्याची तारीख बघा. दळलेली कॉफी लवकर शिळी होते.