मामांच्या लॅपटॉपवर मिंट की लुबुंटू?

अशोक चौकातल्या मामांचा लॅपटॉप जुना: ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे अपडेट थांबले, तेव्हा मामा म्हणाले, "बघ की, काय होतंय का."

विंडोजऐवजी लिनक्स टाकून बघायचं ठरवलं; लुबुंटू आणि मिंट हे लिनक्सचेच दोन प्रकार. लुबुंटू २४.०४ हलकं, रॅम कमी खातं. पण फायरफॉक्स ब्राउझर त्यात स्नॅप म्हणून येतं, म्हणजे लागणारं सगळं सोबत बांधून आणणारं पॅकेज. पहिल्यांदा उघडेपर्यंत मामांचा चहा पिऊन झाला! अपडेटही २०२७ पर्यंतच.

मिंट २२ एक्सएफसीई (मिंटची हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती) लुबुंटूपेक्षा थोडं जड, पण फायरफॉक्स साधं पॅकेज आणि अपडेट २०२९ पर्यंत. लॅपटॉपमधलं ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपचं वायफाय दोन्हीकडे रुसलं होतं. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरने मात्र नेट नसतानाही इन्स्टॉलच्या पेनड्राइव्हवरूनच ड्रायव्हर (ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर) उचलला. तिथंच माझं ठरलं. २ जीबीवाल्यांनी लुबुंटूच बघावं.