कांदा बियांपासून की छोट्या कांद्यांपासून?
कुंडीत कांदा लावायचा तर बी पेरायचं की छोटे कांदेच खोचायचे, माझा दर वेळी हाच घोळ. नुसती पात हवी असेल तर छोटे कांदे बेस्ट, ३-४ आठवड्यात कापायला येते, फक्त मोठे होऊ द्यायचे म्हटलं की त्यांना डेंगळे (फुलांचे दांडे) लवकर येतात आणि डेंगळे आलेला कांदा टिकत नाही, लगेच वापरून टाकायचा. बियांचं काम चिकट, रोप लावणीला यायलाच ६-८ आठवडे, वर बी जुनं निघालं तर नीट उगवतच नाही (एकदा अख्खा ट्रे वाया गेलाय माझा). तरी साठवायला मी बियांचाच करते, रोपांत १० सेंमी अंतर ठेवून, आणि निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या (म्हणजे पात बुडाशी वाकून आडवी झाली) की उपटून पातीसकट सावलीत सुकवते.